यमुना कुठल्या गाडीत चढली?

आमच्या भंडाऱ्याची माणसं पुण्याला शिकायला जातात, नोकरीला जातात, नाहीतर मुलांकडे नातवंडं सांभाळायला जातात. मी आणि शकुंतला गेलो ते एका कादंबरीचा शेवट विचारायला. परत आल्यापासून जो भेटतो तो आधी हसतो आणि मग बसून सगळं ऐकून घेतो. चार-पाच जणांना सांगून माझा घसा बसला, म्हणून लिहूनच काढते.

मी कुमुद. सरकारी दवाखान्यात परिचारिका होते, निवृत्त होऊन चार वर्षं झाली. शकुंतला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. आमची घरं एकाच गल्लीत आहेत. विहारामागच्या खोलीत आमचं वाचन मंडळ दर रविवारी भरतं. नऊ माणसं आणि एका कादंबरीच्या तीन प्रती, त्यामुळे एकेक पुस्तक संपायला दोन-तीन महिने लागतात. निवृत्त शिक्षक गजभिये सर मंडळ चालवतात आणि भांडणं मिटवतात.

या वेळचं भांडण त्यांना मिटवता आलं नाही. कादंबरीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे शेवट सांगणार आहे. गोष्ट यमुनेची. तालुक्याजवळच्या गावात ती बायकांना शिवणकाम शिकवते. पन्नाशीला आल्यावर तिला शहरात चांगलं काम चालून येतं, आणि घरी सासू अंथरुणाला खिळलेली असते. शेवटच्या पानावर यमुना एसटी स्टँडवर उभी आहे. दोन गाड्या लागल्या आहेत, एक शहराकडे जाणारी, एक परत गावाकडे. ती एका गाडीत चढते, वाहक विचारतो, कुठे? ती म्हणते, एक द्या. तिथे कादंबरी संपते.

मी म्हटलं, शहरात गेली. शकुंतला म्हणाली, घरी परतली. बोलता बोलता मी म्हणून गेले की परतली असेल तर तिच्यासारखी मूर्ख बाई नाही, अशा बायकांमुळेच मागून येणाऱ्या बायकांच्या वाटा बंद होतात. शकुंतला उठली. "कुकर लावून आली मी," म्हणाली आणि गेली. त्यानंतर महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही. मंडळात निम्मा आवाज आम्हा दोघींचाच, त्यामुळे दोन रविवार लोक नुसते चहा पिऊन घरी गेले आणि तिसऱ्या रविवारी कोणी आलंच नाही.

अशात माझी भाची प्राची हिचा पुण्याहून फोन आला. त्याच कादंबरीच्या लेखिकेचं लोणी काळभोरच्या एका कॉलेजात भाषण होतं, आणि त्याआधीच्या रविवारी प्राचीच्या वाचन गटातही तेच पुस्तक होतं. मी हे गजभिये सरांना सांगितलं आणि त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. "दोघी जा. एकीला पाठवलं तर दुसरी उत्तरावर विश्वास ठेवणार नाही." आणि एका कागदावर त्यांनी सुवाच्य अक्षरात प्रश्न लिहून दिला, म्हणजे विचारताना कोणी आपल्या सोयीने फिरवू नये.

खराडी, रविवार

रेल्वेच्या प्रवासाबद्दल एवढंच सांगते की शकुंतलेने मला पाणी हवं का हे समोरच्या बाकावरच्या बाईमार्फत विचारलं.

प्राची खराडीत बाराव्या मजल्यावर राहते. खिडकीतून पाहिलं तर काचेच्या इमारती, आणि त्यांच्या मधोमध एका मोकळ्या तुकड्यावर चार म्हशी. त्या पाहून मला जरा धीर आला. शकुंतलेने पिशवीतून घरचा तांदूळ काढला, पाच किलो. प्राची म्हणाली, "मावशी, इथे तांदूळ मिळतो हो." शकुंतला म्हणाली, "मिळते तो फोटोत चांगला दिसते." दुपारी तोच भात, वरण आणि सोबत आणलेला मिरचीचा खुडा, म्हणजे आमच्याकडचा ठेचा, असं जेवण झालं. प्राची तीनदा भात घेऊन बसली. एरवी तिच्याकडे स्वयंपाकाच्या मावशी मोजून पोळ्या करून जातात आणि फ्रिजवर चिठ्ठी लावून जातात. त्या दिवशीची चिठ्ठी होती: "भेंडी संपली. मी आणत नसते." पुण्याचं पाणी कशाला म्हणतात ते मला पोहोचल्यापासून दोन तासांत कळलं.

संध्याकाळी सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये गट जमला. चौदा-पंधरा मुलंमुली, बहुतेक कंपन्यांत नोकरी करणारी. कोणी यवतमाळचं, कोणी लातूरचं, एक मुलगी चक्क आमच्या साकोलीची. एकाने कादंबरी फोनवर वाचली होती, एकीने गाडी चालवताना कानात ऐकली होती. आमच्याकडे आधी चहा, मग गावातल्या बातम्या आणि उरलेल्या वेळात पुस्तक असा क्रम असतो. इथे प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं. अनिकेत नावाचा मुलगा फोनमध्ये वेळ लावून बसला होता, वाजलं की थांबायचं. मला ही पद्धत आवडली. आमच्याकडे आणावी असंही वाटलं, पण गजभिये सरच पहिल्यांदा बाद होतील.

मुलं मोकळेपणाने बोलत होती. मजा येत होती. मग अनिकेतचीच पाळी आली. तो म्हणाला, "ऑनेस्टली, यमुना परत गेली असेल तर तो सेल्फ-सॅबोटाज आहे. म्हणजे एवढी ऑपॉर्च्युनिटी आलीये आणि तू गिल्टमध्ये ती सोडतेस? मला तिचा रागच येईल." माझंच म्हणणं, फक्त माझ्यापेक्षा सभ्य शब्दांत. मी मान डोलावली. मग त्याने सहज शकुंतलेकडे पाहिलं. "काकू, तुम्ही तिच्या जागी असतात तर काय केलं असतं?"

"केलं असतं काय म्हणता?" शकुंतला म्हणाली. "मी केलंच आहे."

वर्गात बोलताना ती जी भाषा वापरते त्या भाषेत, हात मांडीवर ठेवून, तिने सांगितलं. "मी बेचाळीस वर्षांची होते. तिसरीच्या मराठीच्या पुस्तकाचं काम पुण्यात सुरू होतं. जिल्ह्यातून माझं नाव गेलं आणि निवड झाली. दोन वर्षं इथे राहायचं होतं. घरी सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका येऊन चार महिने झाले होते. मी नकार लिहून पाठवला आणि ते पत्र कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं. कोणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही."

"का नाही सांगितलं?" साकोलीच्या मुलीने विचारलं.

"सांगितलं असतं तर सगळे म्हणाले असते, जा. आणि माझ्या मागे त्यांचं काही झालं असतं, तर जा म्हणणारे सगळे मोकळे, मी एकटी अडकलेली. त्यापेक्षा मीच ठरवलं. पश्चात्ताप झाला तर तोही माझा."

अनिकेतचा फोन वाजला. त्याने तो बंद करून उपडा ठेवला.

"किती वर्षं होत्या त्या?" कोणीतरी विचारलं.

"नऊ. आणि चांगल्या जगल्या. पुढे पुढे तर मला शिव्या देण्याइतकी जीभ सुधारली होती." मुलं हसली, तीही हसली.

मला हसता आलं नाही. त्या नऊ वर्षांतलं पहिलं दीड वर्ष मी रोज संध्याकाळी ड्युटी संपवून त्या घरी जात होते. सासूबाईंच्या पाठीच्या जखमा मीच धुवायचे. शकुंतला कूस बदलायला मदत करायची, मी पट्टी बांधायचे, मग दोघी चहा प्यायचो. चार हातांवर ते कपाट होतं, आणि त्यात ते पत्र होतं. एवढ्या जवळ बसून मला काही कळलं नाही, आणि अठरा वर्षांनी भर मंडळात मी तिला मूर्ख म्हटलं.

रात्री झोपताना मी म्हटलं, "शकू." ती म्हणाली, "लाइट बंद कर." मी केला.

बुधवार पेठ, मंगळवार

सोमवार गेला प्राचीचं कपडे धुण्याचं यंत्र समजून घेण्यात. ते आम्हाला समजलं नाही. दुपारी एकदा ते आपोआप कुलूप लावून बसलं आणि आमच्या साड्या संध्याकाळी प्राची आल्यावर सुटल्या.

मंगळवारी आम्ही मेट्रोने शहरात गेलो. लेखिकेची सही घ्यायची तर स्वतःची प्रत हवी, मंडळाच्या प्रतींवर हळदीचे डाग होते. बुधवार पेठेत एका बाजूला दिव्यांच्या माळा, वायरी आणि पंख्यांची दुकानं, आणि जरा पुढे गेलं की पुस्तकंच पुस्तकं. दप्तर लावलेली मुलं, त्यांच्यापेक्षा घाबरलेले आईबाप, आणि दर दहा पावलांवर "मॅडम, कितवी?" असं विचारणारी माणसं. गर्दीत शकुंतलेने माझा दंड धरला. महिन्यानंतर पहिल्यांदाच. धरला कारण समोरून हातगाडी आली होती, पण गाडी गेल्यावरही सोडला नाही.

एका दुकानात चष्मा कपाळावर चढवलेले गृहस्थ बसले होते. आम्ही दारात उभ्या राहिलो. ते म्हणाले, "कितवीचं?"

"कादंबरी हवी होती," मी म्हटलं आणि नाव सांगितलं.

"मग तसं सांगा की. पालकांसारख्या काय उभ्या राहिलात?" त्यांनी मागे न बघता हात नेला आणि नेमकं तेच पुस्तक काढून समोर ठेवलं.

"अहो, तुम्ही वाचली आहे का ही?"

"वाचली."

"मग तुम्हाला काय वाटतं, शेवटी ती कुठे गेली?"

"मी पुस्तकं विकतो. वाटत बसत नाही," ते म्हणाले. मग पिशवी पुढे सरकवताना, जरा खालच्या आवाजात, "पण माझ्या मते तिने चुकीची गाडी पकडली असणार. घाईत होती." हे तिसरंच उत्तर आम्हाला सुचलं नव्हतं.

मी निघणार तोच शकुंतला म्हणाली, "तिसरीचं मराठी आहे का?"

"नातवाला?"

"नाही. मलेच."

"घ्या. कधीही सुरुवात करावी," ते म्हणाले आणि पुस्तक दिलं.

दुकानाला लागून चहावाल्याचं बाकडं होतं. पुण्यातला चहा चांगला असतो पण तो पेल्याच्या तळाशी असतो, म्हणून आम्ही प्रत्येकी दोन घेतले. शकुंतलेने तिसरीचं पुस्तक उघडलं. आधी ते पान काढलं जिथे समितीतल्या लोकांची नावं असतात. बोट एकेका नावावरून खाली नेलं. तिच्या वेळचं पुस्तक केव्हाच बदललं असणार, ही सगळी नवी माणसं. तरी तिने पूर्ण यादी वाचली. मग धडे चाळू लागली.

मी सोमवारभर मनात वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. "शकू," मी म्हटलं, "मी त्या दिवशी मूर्ख म्हटलं."

"मले नाही म्हटलं. यमुनेले म्हटलं."

"पण तुला लागलं."

"लागलंच." तिने पान उलटलं. "तुले माहीत नव्हतं. मी सांगितलंच नाही, तर तुले माहीत कसं होईल? हे मले रोज समजे. पण राग काही समजून घ्यायले तयार नव्हता."

"माझं चुकलं," मी म्हटलं. "माहीत नसलं तरी तसं बोलायचं नव्हतं. यमुनेलाही नाही."

तिने पुस्तकात डोकं घातलं. दोन पानं वाचली. मग पुस्तक माझ्यासमोर धरून एका धड्यावर बोट ठेवलं. "हे पाहा. बेडूक, तळं, पाऊस. तिसरीच्या लेकराले हे शिकवायचं म्हणजे लेकरू झोपते. यापेक्षा बरा धडा मी लिहिला असता." पुस्तक खाली ठेवून म्हणाली, "जमलं असतं ना मले, कुमुद?"

"चांगलं जमलं असतं," मी म्हटलं. यात मला काही ठरवून बोलावं लागलं नाही. माझ्या दोन्ही मुलांना तिनेच वाचायला शिकवलं आहे.

"मलेही तसंच वाटते," ती म्हणाली आणि तिसरा चहा मागवला.

लोणी काळभोर, बुधवार

प्राची ऑफिसला गेली होती, म्हणून आम्ही दोघीच निघालो. हडपसरला बस बदलली आणि सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला उतरलो. आमची समजूत होती की गावात एक कॉलेज असेल. गावात कॉलेजंच कॉलेजं आहेत. एका रिक्षावाल्याने "भाषण हाय ना? इथंच हाय," म्हणत एका सभागृहासमोर सोडलं. आत पाऊणशे माणसं बसली होती. आम्ही मागच्या रांगेत जागा धरली आणि मी गजभिये सरांचा कागद हातात काढून ठेवला.

व्यासपीठावर एक बाई उसाच्या पाचटाबद्दल बोलत होत्या. पाचट जाळू नका, सरीत कुजवा, जमीन भुसभुशीत होते. आम्ही लक्ष देऊन ऐकलं. यमुनेच्या गावात ऊस आहे, तेव्हा संदर्भ लागत होता. दहा मिनिटं झाली. शकुंतला माझ्या कानात म्हणाली, "बाई अजून कादंबरीवर आल्या नाहीत." आणखी दहा मिनिटांनी पडद्यावर गांडुळाचं मोठं चित्र आलं, तेव्हा मी शेजारच्या गृहस्थांना विचारलं.

"हा शेतकरी मेळावा हाय, मावशी," ते म्हणाले. "पुस्तकाचं काय ते पलीकडल्या कालेजात. दोन किलोमीटर म्होरं." आमचे चेहरे पाहून ते उठलेच. "चला. गाडी हाय माझी."

गाडी म्हणजे मागे कोथिंबिरीच्या जुड्या भरलेला छोटा टेंपो. आम्ही दोघी पुढे त्यांच्या शेजारी दाटीवाटीने बसलो. कशासाठी आलो ते सांगितल्यावर त्यांनी यमुनेची सगळी गोष्ट विचारून घेतली. "सासूजवळ दुसरं कोण हाय?" ते म्हणाले. शेजारीण आहे, असं आम्ही सांगितलं. "शेजारीण चांगली हाय का?" यावर आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. महिनाभर भांडून आमच्यापैकी कोणी शेजारणीचा विचार केला नव्हता. उतरताना त्यांनी दोन जुड्या हातात दिल्या, नको म्हणायला वेळच दिला नाही.

आम्ही सभागृहात शिरलो तेव्हा टाळ्या वाजत होत्या. सूत्रसंचालन करणारी मुलगी म्हणत होती, "वेळेअभावी एकच शेवटचा प्रश्न." मी हात वर केला. हातात कोथिंबीर होती, त्यामुळे मी सगळ्यांत आधी दिसले असावे.

माइक आला. मी कागद उघडला आणि वाचला. "आपल्या कादंबरीतील यमुना शेवटी कोणत्या गाडीत बसली, शहराच्या की गावाच्या? कृपया स्पष्ट उत्तर द्यावे."

सभागृह हसलं. लेखिकाही हसली. चाळिशीची, केस आखूड कापलेली, समोर पाण्याचा रिकामा पेला. "तुम्ही कुठून आलात?"

"भंडाऱ्याहून."

"हे विचारायला?"

"हो. आमच्यात भांडण झालंय."

ती हसायची थांबली. "हा प्रश्न मला सगळीकडे विचारतात," ती म्हणाली. "मी सांगते, शेवट वाचकांवर सोडलाय. ऐकायला बरं वाटतं. पण तुम्ही एवढ्या लांबून आलात म्हणून खरं सांगते. मला ठरवता आलं नाही. माझ्या आईने असाच एक निर्णय घेतला होता. घरासाठी काम सोडलं. तिला त्याचं काय वाटतं हे मी कधी विचारलं नाही. तिला त्रास होईल म्हणून टाळलं. आणि ते माहीत नसल्यामुळे यमुनेचं तिकीटही मला फाडता आलं नाही."

माझ्या हातातून माइक कोणी घेतला ते मला आधी कळलंच नाही. शकुंतला उभी होती.

"आई आहेत का?" तिने विचारलं.

"आहे. इथेच, कोथरूडला."

"मग विचारा. आम्हाला त्रास होत नाही," शकुंतला म्हणाली. "कोणी विचारत नाही, त्याचा होतो."

लेखिकेने मान हलवली. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने आभार मानायचे कागद हातात घेतले होते, ते ती विसरून उभी राहिली.

नंतर लेखिका आमच्याजवळ आली. शकुंतलेचं आणि तिचं बराच वेळ बोलणं झालं, आईबद्दल, सासूबाईंबद्दल, तिसरीच्या धड्यांबद्दल. निघताना तिने शकुंतलेचा फोन नंबर घेतला. या सगळ्यात सही घ्यायची राहून गेली, हे आम्हाला हडपसरला बसमध्ये कळलं.

भंडारा, पुढचा रविवार

विहारामागच्या खोलीत नऊच्या नऊ हजर होते. सरांनी चहा आधीच मागवून ठेवला होता. "सांगा," ते म्हणाले. "काय म्हणाल्या बाई?"

"बाईले माहीत नाही," शकुंतला म्हणाली. एकच कल्लोळ झाला. एवढं लांब जाऊन हेच का, वगैरे. तिने सगळ्यांना बोलू दिलं. मग म्हणाली, "पण मले माहीत आहे. ती शहरात गेली. तिले ते काम येत होतं, चांगलं येत होतं, आणि तिले जायचं होतं. मी इतके दिवस उगाच तिले घरी पाठवून राहिली होती."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी जिंकले असं त्यांना वाटलं असावं. माझी अडचण अशी होती की येताना गाडीत मी रात्रभर याच्या उलट विचार केला होता. त्या घरात मी दीड वर्ष रोज गेलेली, सासूबाईंना एका बाईने कसं उठवलं, बसवलं, बोलतं केलं ते मी पाहिलेलं. ते सोडून जाणं धाडसाचं आणि तिथे राहणं मूर्खपणाचं, हे आता माझ्या तोंडून निघेना.

"मला नाही पटत," मी म्हटलं. "यमुना परत गेली. आणि डोकं ठिकाणावर ठेवून गेली."

शकुंतला माझ्याकडे वळून बसली. "काहून? पुस्तकात दाखव, कुठे लिहिलं आहे?"

मी पुस्तक उघडलं. सर चहाचा कप हातात धरून एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. पान दोनशे बारा, मी म्हटलं, तिसरा परिच्छेद. ती म्हणाली, ते मी वाचलं आहे, तू पुढचा वाच. अंधार पडेपर्यंत आम्ही भांडलो. मध्ये चहा दोनदा झाला. घरी जाताना गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहून आणखी अर्धा तास भांडलो, आणि तिथून ती मला आपल्याकडे भात खायला घेऊन गेली.